जहाज ऑगस्टमध्ये, मार्चएंड मार्चमध्ये : नुनावुतच्या वस्त्यांपर्यंत सरकारी पैसा कसा पोचतो

तुम्ही लिहिलंत की कॅनडातला अकाउंटिंगचा कोर्स संपत आलाय, कॅनडाच्या पार उत्तरेला असलेल्या नुनावुतमधल्या एका हॅम्लेटमध्ये फायनान्स ऑफिसरची जागा मिळू शकते, आणि टोरोंटोतले मित्र सांगतायत की तिकडे जाऊ नकोस, सरकार तिथं पैसा ओततं आणि तो बर्फात मुरतो. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. एवढ्याशा माणसांसाठी सरकार एवढा खर्च का करतं, त्यांना दक्षिणेत का आणत नाही? हा पैसा नेमका येतो कसा? आणि येऊनही सेवा अपुऱ्या का पडतात?

मी चौदा वर्षं तिथं काढली. आधी एका हॅम्लेटमध्ये हिशेबाला होते, नंतर टेरिटरीच्या, म्हणजे नुनावुतच्या प्रादेशिक, सरकारात प्रकल्पांच्या पैशांचं काम पाहिलं. हॅम्लेट म्हणजे तिथली ग्रामपंचायत समजा. त्याआधी नंदुरबारला जिल्हा परिषदेत होते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावसाळ्याआधी चार महिन्यांचं धान्य पोचवण्याच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. त्यामुळे वाट बंद व्हायच्या आत माल पोचवायचा असतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. तिथल्या वाटेचं प्रमाण मात्र पाहिल्याशिवाय कळलं नसतं.

नुनावुतचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सहा पटींहून जास्त आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथं ३६,८५८ माणसं होती, म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी तालुक्याच्या गावाएवढी. ती २५ वस्त्यांत विखुरलेली आहेत. यातल्या कुठल्याही वस्तीतून उरलेल्या कॅनडात जाणारा रस्ता नाही. वस्तीतून शेजारच्या वस्तीतही रस्त्यानं जाता येत नाही. रेल्वे नाही, विजेची सामायिक लाइन नाही. माणूस आणि ताजी भाजी विमानानं येते. बाकी सगळं, म्हणजे सिमेंट, ट्रक, फ्रिज, शाळेची बाकं, वर्षभराचं डिझेल, जहाजानं येतं आणि तेही समुद्र मोकळा असतो त्या तीन-साडेतीन महिन्यांतच. या जहाजाच्या फेरीला तिकडे सीलिफ्ट म्हणतात. हा शब्द आत्ताच पाठ करा, कारण तुमच्या नोकरीचा निम्मा भाग त्याच्याभोवती फिरणार आहे.

'त्यांना दक्षिणेत का आणत नाही' या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मला दर सुट्टीत पुण्यात कुणीतरी विचारतंच. ती माणसं सरकारला अडचण व्हावी म्हणून तिथं जाऊन बसलेली नाहीत. इनुइट लोक त्या किनाऱ्यांवर शतकानुशतकं राहतायत. पण वस्ती करून, एका जागी, पत्त्यासह राहू लागले ते मुख्यतः १९५० आणि ६० च्या दशकांत, आणि त्यात सरकारचा मोठा हात होता. शाळा देऊ, दवाखाना देऊ, घर देऊ, तुम्ही तळ सोडून इथं या, असं सांगितलं गेलं. काही ठिकाणी तर सांगण्याच्याही पुढची गोष्ट घडली. १९५३ आणि १९५५ मध्ये उत्तर क्वेबेकमधल्या इनुकजुआकची कुटुंबं जहाजात बसवून सुमारे २,००० किलोमीटर उत्तरेला, आजच्या ग्रीस फियॉर्ड आणि रेझोल्यूटला नेऊन उतरवली. शिकार भरपूर आहे, आवडलं नाही तर दोन वर्षांनी परत आणू, असं आश्वासन होतं. तिथं हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, ओळखीचे प्राणी नाहीत, आणि परत आणण्याचं वचन पाळलं गेलं नाही. उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवर कॅनडाची माणसं राहतात हे दाखवणं देशाला हवं होतं, असं ती कुटुंबं आजही सांगतात. केंद्र सरकारनं या स्थलांतराची माफी मागितली ती २०१० च्या ऑगस्टमध्ये.

ग्रीस फियॉर्डमध्ये २०२१ ला १४४ माणसं होती. १४४ माणसांसाठी विमानाची धावपट्टी, शाळा, आरोग्य केंद्र, डिझेलवर चालणारं वीजकेंद्र. दरडोई हिशेब मांडला तर आकडा डोळे फिरवणारा येतो. पण ज्या सरकारनं त्यांच्या आजी-आजोबांना तिथं नेऊन सोडलं, त्याच सरकारनं आता 'परवडत नाही' म्हणून त्यांना उठवायचं का? नंदुरबारला धरणामुळे उठलेल्या गावांची पुनर्वसनं मी जवळून पाहिली आहेत. माणूस एकदा उठवला की त्याचं काय होतं, हे मला पुस्तकातून वाचावं लागलं नाही. शिवाय नुनावुत हे कुणी दिलेलं दान नव्हे. १९९३ मध्ये इनुइटांनी केंद्राशी जमिनीचा करार केला, त्यात आपल्या मोठ्या भूभागावरचा हक्क सोडला, आणि त्या बदल्यात १ एप्रिल १९९९ ला स्वतःचं सरकार असलेली टेरिटरी उभी राहिली. नुनावुत म्हणजे 'आपली भूमी'. तिथल्या सेवांचा खर्च हा त्या कराराचा भाग आहे, असंच मी कायम मानलं.

आता पैसा. तुम्ही हिशेबाचे आहात म्हणून हे जरा खोलात सांगते.

केंद्राकडून तिन्ही टेरिटरींना, म्हणजे युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुतला, दरवर्षी एक मोठं अनुदान मिळतं. त्याला टेरिटोरियल फॉर्म्युला फायनान्सिंग म्हणतात. २०२४-२५ ला तिघींचं मिळून ते ५०० कोटी डॉलरच्या वर होतं आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा नुनावुतचा. माणशी वर्षाला ४५ हजार डॉलरहून जास्त. टेरिटरी सरकारच्या बजेटचा बहुतांश भाग याच्यावर उभा असतो. गणित असं: खर्चाचा एक पाया ठरलेला आहे. तो पाया दरवर्षी लोकसंख्येच्या आणि दक्षिणेतल्या प्रांतांच्या, नगरपालिकांच्या खर्चाच्या वाढीप्रमाणे वर सरकतो. त्यातून टेरिटरी स्वतः किती कर गोळा करू शकते तो अंदाज वजा होतो, पण पूर्ण नाही, ७० टक्केच. उरलेले ३० टक्के टेरिटरीच्या पदरात राहतात, म्हणजे उत्पन्न वाढवायला काहीतरी कारण उरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे पैसे बिनशर्त असतात. कशावर खर्च करायचे हे टेरिटरीची विधानसभा ठरवते. ओटावाकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं नाही.

बिनशर्त या शब्दाची किंमत मला सेवेत गेल्यावर कळली. या पद्धतीच्या आधी टेरिटरींना दरवर्षी ओटावात जाऊन बाबनिहाय मागणी मांडावी लागायची. १९८५ मध्ये सूत्र आलं आणि तो प्रकार थांबला. मधे २००४ ला सूत्र बाजूला ठेवून एकच ठोक रक्कम तिघींत वाटायची असं ठरलं. ते चाललं नाही. एका तज्ज्ञ समितीनं २००६ मध्ये अहवाल दिला आणि २००७ ला सूत्र परत आलं. ज्या वर्षी किती येणार हे आधी माहीत असतं, त्या वर्षी माणूस तीन वर्षांचा विचार करू शकतो.

दोष त्यातही आहेत. तो पाया मुळात जुन्या काळी जेवढा खर्च होत होता त्यावर बेतलेला आहे. गरज किती, हे कुणी गावोगाव फिरून मोजलं नव्हतं. ज्या घरांची, ज्या पाणीयोजनांची तेव्हा उणीव होती, ती उणीव पायातच राहिली. आणि पाया वाढतो दक्षिणेच्या खर्चाच्या चालीनं. ओन्टारियोत रस्त्याचं डांबर किती महागलं याचा त्यात विचार होतो, डिझेल महागल्यानं आमचं वीजकेंद्र किती खातं याचा थेट होत नाही. दुसरीकडे आरोग्यासाठी केंद्र सगळ्या प्रांतांना जे वेगळं अनुदान देतं ते डोक्यामागे सारखं असतं. टोरोंटोच्या माणसामागे जेवढं, तेवढंच नुनावुतमधल्या पाँड इनलेटच्या माणसामागे. टोरोंटोचा माणूस मेट्रोनं हॉस्पिटलला जातो. पाँड इनलेटच्या माणसाला विमान लागतं.

सूत्राचे पैसे टेरिटरीकडे येतात आणि तिथून हॅम्लेटला पाणी, मैला, रस्ते, कार्यालय यांसाठी ठोक रक्कम मिळते. इथपर्यंत गाडी नीट चालते. अडचण सुरू होते त्याच्या पुढे, जिथं केंद्राच्या किंवा टेरिटरीच्या वेगवेगळ्या योजनांतून, अर्ज करून, वर्षापुरते पैसे मिळवायचे असतात. तरुणांसाठी एक योजना, वाहनांसाठी एक, कचरा डेपोसाठी एक, मानसिक आरोग्यासाठी दोन. एका वर्षी माझ्या कपाटात अशा तेवीस करारांच्या फायली होत्या. गावाची लोकसंख्या हजाराच्या आत, आणि हिशेबाला आम्ही दोघी. प्रत्येक कराराचा अर्ज वेगळा, अहवालाचा नमुना वेगळा, आणि शेवटची तारीख मात्र सगळ्यांची एकच, ३१ मार्च.

मार्चएंड काय असतो हे मराठी माणसाला सांगायला नको. कॅनडाचंही सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आता याच्याशेजारी जहाजाचं कॅलेंडर ठेवा. माँट्रियलजवळच्या बंदरांतून पहिलं जहाज जूनच्या शेवटी निघतं. त्यात माल जायचा तर ऑर्डर वसंत ऋतूतच द्यावी लागते, कारण माल बंदरावर पोचून, लाकडी पेट्यांत बांधून तयार असावा लागतो. शेवटची फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात. पार उत्तरेच्या वस्त्यांना तर उन्हाळ्यात एखाद-दुसरीच फेरी. आणि योजनांची मंजुरीची पत्रं? एप्रिलमध्ये अर्ज मागवतात, जूनमध्ये छाननी, उन्हाळ्यात दक्षिणेतले अधिकारी रजेवर, पत्र ऑगस्ट-सप्टेंबरात. तोवर जहाज भरून निघालेलं असतं.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे मैल्याचे दोन टँकर होते. बहुतेक वस्त्यांत जमिनीखाली नळ घालता येत नाहीत, जमीन कायमची गोठलेली असते. म्हणून घराघरात पाण्याची एक टाकी आणि मैल्याची एक टाकी. पाण्याचा टँकर येऊन एक भरून जातो, मैल्याचा टँकर दुसरी उपसून नेतो. मैल्याची टाकी भरली की घरातला पाण्याचा पंप आपोआप बंद पडतो, नाहीतर घरात उलटं वर यायचं. दोनपैकी एक टँकर म्हातारा झालेला होता. नव्या टँकरसाठी एका योजनेत अर्ज केला, पत्राची वाट पाहिली. ऑर्डरची शेवटची तारीख आली तेव्हा पत्र नव्हतं. मंजुरीशिवाय ऑर्डर द्यायची तर पैसे हॅम्लेटच्या खात्यातून अडकणार, आणि खात्यात तेवढे नव्हतेच. यादीतून टँकर मी माझ्या हातानं खोडला. पत्र सप्टेंबरच्या मध्यावर आलं. मंजूर. ३१ मार्चपर्यंत खर्च करावा. टँकर विमानात बसत नाही.

नोव्हेंबरात जुन्याचा व्हॅक्यूम पंप गेला. पंप विमानानं मागवला. त्याच्या किमतीपेक्षा त्याचं भाडं जास्त झालं, आणि वादळामुळे तो वाटेतल्या धावपट्टीवर नऊ दिवस पडून राहिला. तेवढे दिवस एक टँकर सगळं गाव उपसत होता. मी एक दिवस ड्रायव्हरशेजारी बसून फिरले. उणे ३८ तापमान, दुपारी दोनला अंधार. तो प्रत्येक घराशी उतरायचा, हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवून होज ओढायचा, जोडावरचा बर्फ हातोडीनं ठोकायचा. एका घरात आजी दाराशी उभी होती. आत नऊ माणसं, त्यात एक तान्हं मूल, आणि दोन दिवस नळ बंद. तिनं तक्रार केली नाही. ड्रायव्हरला चहा दिला, तोही शेजारून आणलेल्या पाण्याचा. मार्चमध्ये टँकरचे पैसे लॅप्स झाले. दक्षिणेतल्या कार्यालयातून विचारणा आली: निधी वेळेत का खर्च केला नाही? आमच्या नावापुढे 'क्षमता कमी' असा शेरा पडला असणार. तो शेरा पुढच्या अर्जात भोवतो.

तुमचे मित्र ज्याला पैसा मुरणं म्हणतात, ते मी आतून असं पाहिलं. पैसा होता. तो समुद्र उघडा असताना हातात नव्हता.

उलट उदाहरणंही आहेत. २०१७ च्या केंद्रीय बजेटमध्ये नुनावुतच्या घरांसाठी २४ कोटी डॉलरची तरतूद १० वर्षांवर पसरून केली होती. गरजेच्या मानानं रक्कम लहान आहे, पण मुदत पाहा. दहा वर्षांची खात्री असेल तर पहिल्या उन्हाळ्यात जमिनीत रोवायचे पोलादी खांब आणायचे, दुसऱ्या उन्हाळ्यात लाकूड आणि खिडक्या, हिवाळ्यात आतलं काम, आणि गावातल्या चार पोरांना सुतारकाम शिकवून तेच पुढच्या घरांवर लावायचे, असं करता येतं. एका वर्षाच्या पैशात मजूरही दक्षिणेतून येतो आणि त्याच्यासोबत पैसाही परत जातो.

मोठी आपत्ती आली तरी हेच कॅलेंडर आडवं येतं. कुगारुक गावातली एकमेव शाळा २०१७ च्या फेब्रुवारीअखेर जळाली. नवी इमारत उघडली २०१९ मध्ये. मधली दोन वर्षं मुलं मिळेल त्या जागेत शिकली. आणि जहाज येईलच याचीही खात्री नसते. २०१८ च्या शरद ऋतूत बर्फामुळे पश्चिमेकडच्या केंब्रिज बे आणि कुग्लुक्टुकची फेरीच रद्द झाली. बांधकामाचं सामान, गाड्या, सगळं पुढच्या वर्षावर.

डिझेलची व्यवस्था मात्र चांगली आहे आणि ती मुद्दाम समजून घ्या, कारण तिच्यातून बरंच शिकता येतं. टेरिटरीचं सरकार सगळ्या वस्त्यांसाठी वर्षाचं इंधन एकत्र खरेदी करतं. उन्हाळ्यात तेलवाहू जहाज किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतं, तरंगता होज किनाऱ्यापर्यंत आणतात आणि वस्तीच्या टाक्यांत इंधन भरतात. ते वर्षभर पुरतं. वीज देणारी कंपनी टेरिटरीच्याच मालकीची, २५ वस्त्यांत २५ स्वतंत्र वीजकेंद्रं, त्यातली बरीचशी आयुष्य संपलेली. तरी इंधनाचा चक्रनिधी मार्चएंडला बांधलेला नाही. एका उन्हाळ्यात पैसा घातला, पुढचं वर्षभर विक्रीतून तो वसूल होत जातो. माझ्या चौदा वर्षांत कुठल्याही वस्तीतलं इंधन हिवाळ्याच्या मध्यावर संपल्याचं मी पाहिलं नाही. उणे ४० मध्ये ते संपणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पाण्याबाबत असं म्हणता येत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात राजधानी इकालुइटच्या नळाला इंधनाचा वास यायला लागला. सुमारे दोन महिने शहरानं ते पाणी प्यायलं नाही. बाटल्या विमानानं आल्या, लष्करानं नदीवर शुद्धीकरण यंत्रं लावली. शुद्धीकरण केंद्राजवळ जमिनीत पुरलेली एक जुनी इंधनाची टाकी सापडली. पुढच्या वर्षी केंद्रानं शहराच्या पाण्यासाठी २१.४ कोटी डॉलर जाहीर केले. चांगली गोष्ट झाली, पण अशी रक्कम संकटानंतर येते, आणि तोवर त्याच मागणीच्या फायली कित्येक वर्षं फिरलेल्या असतात.

आरोग्याबद्दल दोनच गोष्टी सांगते, एरवी तो विषय संपणार नाही. अख्ख्या नुनावुतमध्ये एकच हॉस्पिटल आहे, इकालुइटला. इतर वस्त्यांत आरोग्य केंद्र आणि परिचारिका. डॉक्टर अधूनमधून येऊन जातात. गंभीर रुग्णाला विमानानं न्यायचं: पूर्वेकडच्यांना ओटावा, मधल्या पट्ट्यातल्यांना विनिपेग, पश्चिमेकडच्यांना यलोनाइफ किंवा एडमंटन. गरोदर बाईला छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात गाव सोडून जावं लागतं. आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते. इथं ती नवरा, मोठं मूल, आई सगळ्यांना मागे ठेवून परक्या शहरातल्या बोर्डिंग होममध्ये दिवस मोजत बसते. माझ्या शेजारणीनं फोनवर रडत सांगितलं होतं की पहिलं मूल तिच्याशिवाय चालायला लागलं. विमानाचं, राहण्याचं सगळं सरकार देतं. खर्चाच्या खात्यात तो आकडा दिसतो. हे दिसत नाही.

दुसरी गोष्ट आशेची. उत्तर क्वेबेकच्या किनाऱ्यावर, पुविर्निटुकला, १९८६ मध्ये इनुइट बायकांनी आग्रह धरून प्रसूती केंद्र उघडलं आणि गावातल्याच बायकांना सुईण म्हणून तयार केलं. आज त्या किनाऱ्यावरची बहुतेक बाळंतपणं तिथंच होतात, इनुक्टिटुट ही इनुइटांची भाषा बोलणाऱ्या सुईणींच्या हातून. त्यासाठी कुठली मोठी इमारत लागली नाही. प्रशिक्षणाला वर्षानुवर्षं न तुटणारा पैसा लागला आणि निर्णय गावाकडे असावा लागला.

क्षयरोगाचाही इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा, कारण गावात तुम्ही सरकारी माणूस म्हणून वावराल. १९५० च्या दशकात क्षयाच्या रुग्णांना जहाजानं दक्षिणेच्या सॅनेटोरियममध्ये नेलं. कित्येक परत आलेच नाहीत आणि त्यांना कुठं पुरलं हेही घरच्यांना कळलं नाही. पंतप्रधानांनी त्याबद्दल २०१९ मध्ये इकालुइटला येऊन माफी मागितली. आजही इनुइट प्रदेशात क्षयाचं प्रमाण उरलेल्या कॅनडाच्या कितीतरी पट आहे. २०३० पर्यंत तो संपवायचं २०१८ मध्ये ठरलंय. पण नऊ माणसं एका छोट्या घरात झोपत असतील तर नुसत्या गोळ्यांनी क्षय जात नाही.

अन्नाचं अनुदान तुम्हाला दुकानाच्या पावतीवर दिसेल. २०११ पासून न्यूट्रिशन नॉर्थ नावाची योजना आहे. त्याआधी पोस्टामार्फत स्वस्तात अन्न पाठवण्याची जुनी योजना होती. आता अनुदान किलोमागे दुकानदाराला मिळतं आणि त्यानं तेवढी किंमत कमी करावी अशी अपेक्षा. २०१४ मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की पूर्ण फायदा ग्राहकाला मिळतोय का, हे खातं तपासतच नव्हतं. पुढे दोन संशोधकांनी आकडे लावून पाहिले तेव्हा अनुदानाच्या डॉलरमागे भाव सरासरी ६७ सेंटच उतरल्याचं दिसलं. जिथं एकच दुकान, तिथं आणखी कमी. माझं मत सरळ आहे: यापेक्षा शिकारीसाठी दिलेलं अनुदान जास्त कामाचं. २०२० पासून तेही सुरू झालंय. स्नोमोबाइलचं पेट्रोल, काडतुसं, जाळी यांना पैसा मिळाला की एका सीलचं, एका कॅरिबू हरणाचं मांस दहा घरांत वाटलं जातं. तिथं मांस सहसा विकत नाहीत, वाटतात.

सेवा अपुरी पडण्याचं आणखी एक कारण बाहेरून लक्षात येत नाही, ते म्हणजे कर्मचाऱ्यांची घरं. नर्सची जागा मंजूर असते, पगाराची तरतूद असते, पण तिला राहायला घर नसतं म्हणून जागा रिकामी. काही उन्हाळ्यांत आरोग्य केंद्रं तातडीच्या रुग्णांपुरतीच उघडी राहिली आहेत. १९९३ च्या करारात लिहिलंय की सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचा वाटा लोकसंख्येइतका, म्हणजे सुमारे ८५ टक्के असावा. प्रत्यक्षात तो निम्म्याच्या आसपास घुटमळतो. करार पाळला नाही म्हणून इनुइट संघटनेनं २००६ मध्ये केंद्रावर दावा लावला आणि २०१५ ला २५.५५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यातला मोठा हिस्सा प्रशिक्षणाला गेला. माझ्या मते तो पैसा सगळ्यात उशिरा आलेला आणि सगळ्यात जास्त गरजेचा होता. गावातला माणूस त्या खुर्चीत बसला की तो दोन वर्षांनी निघून जात नाही. दक्षिणेतून आलेले आम्ही जातो.

इतर देश हे वेगळ्या पद्धतीनं करतात. डेन्मार्क ग्रीनलंडला दरवर्षी ठोक रक्कम देतं, २००९ च्या कायद्यात ती त्या वर्षीच्या किमतीत सुमारे ३४४ कोटी क्रोनर ठरवलेली आहे. नॉर्वे १९९० पासून आपल्या उत्तर टोकाला जाऊन राहणाऱ्या माणसालाच सवलत देतो: शैक्षणिक कर्जाचा दहावा भाग दरवर्षी माफ होतो, ठरावीक मर्यादेपर्यंत. कॅनडातही उत्तरेत राहणाऱ्यांना आयकरात वजावट आहे, ती तुम्हाला मिळेल, अर्ज भरायला विसरू नका. आणि एक मोठा बदल तुम्ही तिथं असतानाच होईल. सरकारी जमिनीचा आणि खाणींचा कारभार केंद्राकडून नुनावुतकडे देण्याचा करार जानेवारी २०२४ मध्ये झालाय, हस्तांतर १ एप्रिल २०२७ ला ठरलंय. तोवर त्या जमिनीतल्या खनिजांची रॉयल्टी ओटावाकडे जाते.

तेव्हा जायचं का? जा, असंच सांगेन, पण किमान तीन वर्षं राहायचं ठरवून. पहिलं वर्ष शिकण्यातच जातं. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मागच्या तीन वर्षांच्या सीलिफ्टच्या याद्या मागवा आणि त्यांच्याशेजारी करारांच्या तारखा मांडा, कुठं काय हुकतंय ते कागदावरच दिसेल. यादी जानेवारीतच सुरू करा. सुटे भाग आधी, बाकी नंतर. प्रत्येक योजनेच्या अधिकाऱ्याला ऑक्टोबरातच लिहा की पुढच्या वर्षीची मंजुरी मेच्या आत लागेल, नाहीतर खर्चाची मुदत पुढच्या सप्टेंबरपर्यंत वाढवून द्यावी. लेखी मागितलं तर कधीकधी देतात, आणि न मागता कुणी देत नाही. हॅम्लेटच्या खात्यात थोडी राखीव रक्कम साठवा, मंजुरी येण्याआधी टँकरसारखी वस्तू मागवता येईल एवढी. त्यासाठी कौन्सिलला पटवावं लागेल. सभेत इनुक्टिटुटमध्ये चर्चा चालते, दुभाषी असतो, घाई करू नका. कौन्सिलच्या ज्येष्ठांना समुद्र कधी उघडतो हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आणि एक दिवस मैल्याच्या टँकरवर ड्रायव्हरशेजारी बसून गाव फिरा. जानेवारीत.

घरच्या सामानाचं म्हणाल तर वैयक्तिक सीलिफ्टही मागवता येते, बहुतेक कर्मचारी मागवतात. दुकानात तूरडाळ मिळणार नाही. एका माणसाला वर्षभर किती डाळ, किती तांदूळ, किती गोडा मसाला लागतो हे आईला विचारून आत्ताच लिहून ठेवा. जाल ते एप्रिलमध्ये जाल असं धरलं, तर मेमध्ये यादी द्यावी लागेल.